तिच्या पाठीच्या मापाची सॅक

मला अपराधी वाटायला मोठं कारण लागत नाही. सोसायटीचा वॉचमन मला बघून खुर्चीवरून उठला, तरी वाटतं, बिचारा आत्ताच टेकला होता, आपण जरा उशिरा आलो असतो तर काय बिघडलं असतं. तेव्हा कंपनीच्या कामासाठी अमेरिकेत सहा-सात महिने काढून परत येताना माझ्या मनाची काय अवस्था असेल, ते सांगायला नको. पाटबंधारे खात्यातली नोकरी, माझ्या आईची शुगर, मुलीची दहावी आणि वारज्यातल्या नव्या फ्लॅटचं गळणारं बाथरूम, एवढं सगळं बायकोने एकटीने ओढलं होतं. मी तिकडे क्लायंटच्या उबदार ऑफिसात बसून बर्फ पडताना बघत होतो.

अशा अपराधाच्या बदल्यात काय न्यायचं, हा प्रश्न आमच्यासारख्या सगळ्यांनाच पडायचा. बरोबरचे लोक चॉकलेटं, सेंट, फार तर कॅमेरा घ्यायचे. मला मात्र फोनवरचं एक वाक्य आठवत होतं. गॅस सिलिंडर आणि आईचे रिपोर्ट यांच्या मधे कुठेतरी बायको म्हणाली होती, "आमचा कॉलेजचा ग्रुप डिसेंबरात राजगड-तोरणा-रायगड करतोय. मलाही बोलावतायत." पुढे लगेच सिलिंडर आला. पण लग्नाआधी ही बाई सुट्टी मिळाली की डोंगरात असायची, हे मला ठाऊक होतं. लग्नानंतर ती गेली नव्हती. कुणी नको म्हटलं नव्हतं. जा, असंही कुणी म्हटलं नव्हतं.

म्हणून मी सॅक घ्यायची ठरवली.

तिकडच्या दुकानात एक अख्खा मजला नुसत्या सॅकचा होता. भिंतभर टांगलेल्या. मदतीला एक मुलगी पुढे आली आणि तिने विचारलं, "बायकोची पाठ किती लांब आहे?" लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण हा प्रश्न मला कुणी कधी विचारला नव्हता. मी "बघतो" म्हणून कोपऱ्यात सटकलो आणि एकेक सॅक स्वतःच्याच पाठीवर चढवून आरशात बघू लागलो. एक पंच्याहत्तर लिटरची निळी सॅक मला अगदी छान बसली. त्यातल्या त्यात मोठी होती, म्हणून जास्तच आवडली. लहानपणी आमचे शाळेचे गणवेश वाढत्या अंगाचे घेतलेले असायचे. वस्तू घ्यायची ती एक माप मोठी, हे माझ्या हाडात मुरलेलं आहे. चाळिशी ओलांडलेल्या बाईचं अंग कुठल्या दिशेने वाढणार होतं, याचा विचार मी केला नाही.

घरी हॉलमध्ये ती सॅक उभी केली तेव्हा ती टीपॉयपेक्षा उंच होती.

"ह्यात काय न्यायाचं?" आईने विचारलं. "वऱ्हाडाची अंथरुणं?"

"बाबा, ही सॅक नाहीये," मुलगी म्हणाली, "धिस इज अ वन बीएचके."

बायकोने सॅकभोवती एक चक्कर मारली. बक्कल उघडलं, लावलं. चेन ओढून बघितली. तिच्या चेहऱ्यावर आधी जे आलं ते खरंच आनंदाचं होतं, एवढं मी छातीवर हात ठेवून सांगतो. "छान आहे. दणकट आहे," ती म्हणाली. आणि मग, "मोठी आहे."

"कमी पडायला नको म्हणून."

"हो ना."

तिचं "हो ना" नीट ऐकायचं असतं, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

ग्रुपचं नेतृत्व तिची एक मैत्रीण करायची. कर्वेनगरच्या एका कॉलेजात भूगोल शिकवायची, आणि कॉलेजपासून आजतागायत तिने डोंगर सोडलेले नव्हते. तिचा आवाज इतका खणखणीत की बायको फोन कानापासून वीतभर लांब धरायची आणि आम्हाला सगळ्यांना ऐकू यायचं.

"तू येतेस तर सोन्याहून पिवळं. पण आपला नियम आठवतोय ना? ज्याची सॅक त्याच्या पाठीवर."

नियम असा होता. मोठ्या ट्रेकच्या महिनाभर आधी, एका रविवारी, सगळ्यांनी खरोखरची भरलेली सॅक घेऊन सिंहगड चढायचा. वाटेत कितीही वेळा बसा, पाणी प्या, पण सॅक दुसऱ्याच्या हातात गेली की तुमचं नाव कटलं. भांडण नाही, रुसवा नाही. बहुतेक मंडळी पंचेचाळिशीच्या अलीकडे-पलीकडे होती. चार दिवसांच्या वाटेवर एकाचं ओझं दुसऱ्याच्या पाठीवर गेलं की दोघंही बसतात, असा त्यांचा अनुभव होता.

त्या संध्याकाळी कपड्यांच्या घड्या घालताना बायको म्हणाली, "या खेपेला नाही जमलं ना, तर मी परत नाही विचारणार हं. त्यांनाही नाही आणि स्वतःलाही नाही."

हसत म्हणाली. पण एकाच टॉवेलची तिने दोनदा घडी घातली.

आता सॅक भरण्याविषयी. आमच्या सोसायटीत त्या काळात प्रत्येक मजल्यावर कुणी ना कुणी परदेशी जा-ये करणारं होतं, आणि बॅग भरण्याच्या बाबतीत आम्ही सगळेच तरबेज झालो होतो. वजनाच्या काट्यावर बॅग कवटाळून उभं राहायचं, मग बॅग ठेवून उभं राहायचं, वजाबाकी करायची. विमानवाले जितके किलो नेऊ देतात तितके न्यायचेच. किलोभर कमी भरलं तर बायका हळहळायच्या, "अगं, चिवडा बसला असता!" बॅगेत जागा उरली म्हणजे आपल्याकडून काहीतरी राहिलं, ही आमची श्रद्धा होती. सिंहगडच्या परीक्षेच्या आदल्या दिवशी, शनिवारी संध्याकाळी, मी तीच श्रद्धा घेऊन सॅकसमोर बसलो.

"मी भरते की," बायको म्हणाली.

"तू बस. दमली असशील."

स्लीपिंग बॅग गेली. दोन स्वेटर गेले, शिवाय एक शाल. दोन टॉर्च, एक बंद पडला तर दुसरा असावा म्हणून. औषधांचा डबा, जवळजवळ छोटं दुकानच. तीन लिटरचा कुकर. ग्रुपची भांडी होती, हे मला माहीत होतं. पण वेळ सांगून येत नाही. दर वस्तूला मला जरा हलकं वाटत होतं, माझ्या मनावरचं काहीतरी तिच्या सॅकमध्ये जात असल्यासारखं.

आई बुद्धविहारातून आली ती थेट स्वयंपाकघरात शिरली आणि सुकटाच्या चटणीची काचेची बरणी जुन्या लुगड्यात गुंडाळून बाहेर आली. बरोबर भाकरीच्या पिठाची पिशवी आणि शेंगदाण्याचे लाडू.

"आई, चारच दिवस चाललीये ती."

"मग चार दिस उपाशी ऱ्हायाचं व्हय?" आईने सॅकमध्ये डोकावून बघितलं. "ह्यात अजून लई जागा हाय की."

होतीच. पंच्याहत्तर लिटरची हीच तर गंमत असते. मी काट्यावर चढलो, उतरलो, वजाबाकी केली आणि ओरडलो, "तेवीस किलोच्या आत! अगदी काठावर!"

"बाबा," मुलगी म्हणाली, "पण आई फ्लाइटने जाणार आहे का?"

मी काटा पायाने सोफ्याखाली सरकवला.

बायकोने सोफ्यावर बसून पट्ट्यांत हात घातले आणि भिंतीला धरून उभी राहिली. कमरेचा पट्टा, जो कमरेच्या हाडांवर टेकायला हवा, तो खाली मांड्यांवर लोंबत होता. वरचा भाग डोक्याला मागून टेकला होता, त्यामुळे तिला मान वर करता येत नव्हती. ती जमिनीकडे बघत म्हणाली, "होईल."

मला दिसलं होतं. पट्टा कुठे आहे ते मला स्पष्ट दिसलं होतं. मी दोन-चार पट्ट्या ओढून घट्ट केल्या आणि म्हणालो, "थोडी सवय झाली की बसेल."

रविवारी सकाळी मीही सोबत गेलो. माझ्या पाठीवर कंपनीने फुकट दिलेली लॅपटॉपची बॅग, त्यात पाण्याची बाटली आणि नॅपकिन. पायथ्याशी, आतकरवाडीत, ग्रुप जमला होता. मैत्रिणीने मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"भाऊजी, डिसेंबरात तुम्हीपण?"

"नाही नाही, मी आपला आज सोबत."

"बरं. सोबत करा. मदत करू नका." मग तिची नजर बायकोच्या पाठीमागे गेली. "ही कुठून आणलीस गं? फर्निचरबरोबर फ्री मिळाली का?"

"अमेरिकेहून," बायको म्हणाली.

"तरीच. अमेरिकन माणूस आत बसलाय का अजून?"

चढ सुरू झाला. बाकीचे रमतगमत पुढे गेले. बायको वाकून, एकेक पाऊल बघून टाकत होती, कारण पावलापलीकडचं तिला काही दिसतच नव्हतं. ज्या डोंगरासाठी ती इतकी वर्षं थांबली होती, त्यातला तिला फक्त पुढचा दगड दिसत होता. दर रविवारी गड चढणारी निवृत्त काका-मंडळी हातात नुसती काठी घेऊन तिच्या बाजूने जात होती. त्यातले एक थांबले.

"ताई, गडावर बिऱ्हाड करताय का?"

"हो," ती धापा टाकत म्हणाली, "वर्षाचं वाणसामान भरलंय. या चहाला."

म्हणजे ती मजेत होती. घामाने डबडबलेली, पण मजेत. हे मी मुद्दाम नोंदवतो, कारण पुढे जे घडलं त्याला ती जबाबदार नव्हती.

सरबताच्या टपरीशी ती बसली, पाणी प्यायली, आणि उठताना तिला टपरीच्या बांबूचा आधार घ्यावा लागला. ते मी बघितलं. मी तिच्या मागेच चालत होतो. सॅकचा तळ माझ्या छातीच्या उंचीवर होता. माझा हात आपोआप सॅकखाली गेला. उचलली नाही मी सॅक. नुसता तळहात लावून जरा वर धरली, इतकी अलगद की तिलाही कळू नये. आणि तिचा वेग वाढला! ती भराभरा चढायला लागली. कित्येक महिन्यांत मला इतका आनंद झाला नव्हता. वाटलं, शेवटी आपण हिचं काहीतरी उचलतोय.

शेवटच्या वळणावर वरून आवाज आला.

"भाऊजी! त्या सॅकला हात फुटलेत का?"

बायको थांबली. एवढी मोठी सॅक असली की नुसती मान वळवता येत नाही, अख्खं माणूस वळवावं लागतं. ती सावकाश वळली आणि माझ्याकडे बघितलं.

"कधीपासून?"

"आत्ताच. जरासं."

"कधीपासून, अहो?"

"सरबतापासून."

ती मटकन खाली बसली. सॅकमधून काहीतरी कचकन वाजलं, पण त्या वेळी ते कुणाच्या ध्यानात आलं नाही.

मैत्रीण खाली उतरून आली. "नियम नियम आहे," ती म्हणाली. "सॅक दुसऱ्याच्या हातात गेली. नापास." पण बायकोचा चेहरा बघून तिचा आवाज थोडा उतरला. "पुढच्या रविवारी मी कॉलेजच्या पोरांना घेऊन परत येणारच आहे. तेव्हा ये. तो शेवटचा चान्स. सॅक बदल, आणि नवरा घरी ठेव."

उतरताना बायकोने सॅक स्वतःच आणली. मी पुढे चालत होतो, कारण मागे चालायची मला मनाई होती. गाडीत बसल्यावर धायरी फाट्यापर्यंत ती बुटांतले खडे काढत होती. मग म्हणाली, "मी चढत होते हो. हळू चढत होते, पण चढत होते. आता मला कळणारच नाही, मी एकटीने पोचले असते की नाही ते."

मी सॉरी म्हणालो. पुन्हा म्हणालो. तिसऱ्यांदा म्हणायच्या आत ती नाक मुरडून म्हणाली, "कसला वास येतोय?"

सुकट. मघाशी जे वाजलं ती बरणी होती. गाडी बाजूला घेऊन आम्ही सॅक उघडली. आईची सुकटाची चटणी, तेलासकट, अमेरिकन बनावटीच्या त्या सगळ्या कप्प्यांत शिरली होती. शालीवर, स्वेटरवर, टॉर्चवर. कुकरच्या शिट्टीतसुद्धा. बायकोने शिट्टी उचलून नाकाशी नेली आणि तिला जे हसू फुटलं ते थांबेचना. रस्त्याच्या कडेला उभं राहून, दोन्ही हात कमरेवर ठेवून ती हसत होती, आणि येणारे-जाणारे आमच्याकडे बघत होते. मला मात्र हसावं की नाही ते ठरवता येत नव्हतं.

"हसा हो," ती म्हणाली. "परवानगी आहे."

मधल्या एका संध्याकाळी आम्ही ऑफिसं सुटल्यावर नारायण पेठेत गेलो. एका अरुंद जिन्याने वर गेलं की सॅक आणि तंबू शिवणाऱ्याचं दुकान होतं. मालक स्वतः डोंगरात फिरलेले असावेत. चष्मा कपाळावर, आणि चेहऱ्यावर गिऱ्हाईक आल्याचा यत्किंचितही आनंद नाही.

"बोला."

"आम्हाला एक सॅक—" मी सुरुवात केली.

"कोणाला?"

"हिला."

"मग तुम्ही बसा." त्यांनी कोपऱ्यातल्या स्टुलाकडे बोट केलं.

मी बसलो. पुढची सगळी बातचीत बायकोने केली. भिंतीवरच्या सॅककडे तिने नुसतं बघितलं नाही; हाताने पट्ट्यांचा कापूस दाबून बघितला, शिवण उलटून बघितली. "रिकामी नको," ती म्हणाली, "वजन घालून द्या." मालकांनी वाळूच्या पिशव्या काढल्या. मग तिने पर्समधून शिवणाची टेप काढून माझ्या हातात दिली आणि माझ्याकडे पाठ करून मान खाली घातली.

"मानेखाली हे हाड वर आलंय ना, इथे धरा. आता इथपर्यंत." तिने स्वतःच्या कमरेच्या हाडावर अंगठा ठेवला. "कॉलेजात आम्ही एकमेकींची मापं अशीच घ्यायचो."

मी मोजलं. मग तिने माझी पाठ मोजली. तिची माझ्यापेक्षा चांगली चार बोटं आखूड निघाली. त्या दुकानात, वाळूच्या पिशव्यांमध्ये, मी हातात टेप धरून उभा होतो. हे काम दोन मिनिटांचं होतं. अमेरिकेहून फोन करून विचारलं असतं, तरी तिने सांगितलं असतं. मी विचारलं नाही, कारण मला तिला चकित करायचं होतं.

"परदेशी सॅक आहे हो घरी," मी मालकांना म्हणालो. का म्हणालो, देव जाणे. "चांगल्या कंपनीची."

"चांगलीच असणार," ते म्हणाले. "ज्याच्या पाठीची, त्याला."

बायको वजन घेऊन दुकानात दोन येरझाऱ्या घालून थांबली आणि म्हणाली, "सपाटीवर काही कळत नाही."

"जिना आहे. वापरा. जिन्याचे वेगळे घेत नाही आम्ही."

ती जिना उतरली, चढली. पहिलीच्या पट्ट्या खांद्यात रुतत होत्या. दुसरीचा कमरेचा पट्टा नुसता नाड्यासारखा होता, वजन सगळं खांद्यावर येत होतं. तिसरी घालून ती खाली गेली आणि बराच वेळ वर आलीच नाही. मी काळजीने उठलो. मालक म्हणाले, "बसा हो. रस्त्यावर फेरी मारत असतील. ती चांगली खूण आहे."

खरंच ती रस्त्यावर फेरी मारत होती. वर आली तेव्हा ताठ होती आणि मान वर होती. सॅक पन्नास लिटरची, रंग वांग्याचा, पट्ट्या हळदीपिवळ्या.

"रंग जरा..." मी म्हणालो.

"त्यांच्या पाठीवर असणार, त्यांना दिसणार नाही," मालक म्हणाले. "आणि तुम्ही घरी."

"पण पन्नास म्हणजे लहान होईल. कमी पडली तर?"

"कमी पडली तर कमी न्यायचं," बायको म्हणाली.

घरी आल्यावर तिने सगळं सामान पलंगावर मांडलं आणि आम्हा तिघांना दाराशी उभं केलं. आत यायचं नाही, सुचवायचं नाही. एक स्वेटर आत गेला, एक बाहेर राहिला. औषधाच्या डब्यातून तिने चिमूटभर गोळ्या आणि एक पट्टी काढली. आई अस्वस्थ होऊन पदराशी चाळा करत होती. शेवटी तिला राहवलं नाही.

"आन् माजी चटणी?"

बायकोने कॅमेऱ्याच्या रोलची रिकामी डबी काढून आईपुढे धरली. "ह्यात भरा, आई."

"एवढ्याशा डबीत? ही तर मुंगीची शिदोरी!"

"रोज बोटभर चाटेन. बरणी फुटून सगळ्या अंगाला लावून घेण्यापेक्षा बरं ना?"

आईने डबी हातात घेऊन फिरवून बघितली, आणि मग चटणी इतकी ठासून भरली की तिचं झाकण लावायला मला बोलवावं लागलं. तेवढी मदत चालत होती. मोठी निळी सॅक आईनेच ताब्यात घेतली. दोनदा धुऊन, उन्हात टाकून, तिने तिच्यात सगळ्या गोधड्या भरल्या आणि माळ्यावर ठेवली. ती आजही तिथेच आहे.

आई आणि मुलगी टीव्हीसमोर जाऊन बसल्या तेव्हा बायकोने विचारलं, "अहो, खरं सांगा. मी जावं असं वाटतंय ना तुम्हाला?"

मी लगेच "हो" म्हणणार होतो. पण थांबलो. कारण पलंगावर तो कुकर होता, आणि त्याच्याकडे बघून मला पहिल्यांदाच शंका आली, की मी सॅक जड करत होतो ती नुसत्या काळजीने का. चार दिवस आईची औषधं, मुलीचा क्लास, दूध, पाणी, हे सगळं माझ्याकडे येणार होतं. आणि ती तिकडे, माझ्याशिवाय, अशा माणसांत हसत असणार होती, ज्यांना ती माझ्याआधीपासून माहीत होती.

"वाटतंय," मी म्हणालो. "पण थोडंसं नाहीही वाटत."

ती रागावेल असं वाटलं होतं. तिने मान तिरकी केली. "थोडंसं म्हणजे किती किलो?"

मी विचार केला. "कुकरएवढं."

"एवढंच ना?" तिने कुकर उचलून माझ्या हातात दिला. "मग तो घरी ठेवा. आणि त्यात वरण-भात लावायला शिका."

दुसऱ्या रविवारी मी घरीच होतो. तिला मैत्रीण गाडीतून घेऊन गेली. मी गॅलरीत जाऊन आलो, हॉलमध्ये आलो, परत गॅलरीत गेलो. बाथरूमचा गळणारा नळ उगीचच उघडून बघितला आणि तो जास्त गळायला लागला. वरण-भात लावला, शिट्ट्या मोजायच्या राहिल्या.

"बस की गप," आई म्हणाली. "ती चढतीय, तू का घाम गाळतूयास?"

मोबाइल वाजला तेव्हा मी तो उचलण्याआधी मुलीने उचलला आणि स्पीकरवर टाकला. नुसता वारा ऐकू येत होता.

"हॅलो? वर आले," बायको म्हणाली. "दही खातेय."

"म्हणजे पूर्ण? सगळं? कुणी मधे..."

"कुणी हात लावला नाही. मलाच दोनदा वाटलं, कुणीतरी लावावा." ती हसली. "पण मागे कुणी नव्हतंच. तुम्ही बरे घरी होतात."

मागून खणखणीत आवाज आला, "भाऊजी, पास! मेरिटमध्ये नाही, पण पास!"

मुलीने एवढ्या जोरात शिट्टी वाजवली की शेजारच्या काकूंनी दार उघडून बघितलं. आईने डोळे पुसले आणि वर "भात करपलाय" असं सांगितलं.

दुपारी बायको घरी आली ती सॅक पाठीवर तशीच घेऊन आत शिरली. हात-पाय धुतले, पाणी प्यायली, आईची चौकशी केली, स्वयंपाकघरात जाऊन चहाचं आधण ठेवलं. सॅक पाठीवरच.

"अगं, ते वझं उतरव की आदी," आई म्हणाली.

"असू द्या, आई. विसरलेच होते." आणि ती तशीच, वांगी रंगाची पाठ आमच्याकडे करून, आलं किसत राहिली. आम्ही तिघं तिच्याकडे बघत होतो. तिला ते ठाऊक होतं, आणि ते तिला आवडत होतं, हे मला तिच्या मानेवरून कळत होतं.

डिसेंबरात ती निघाली त्या पहाटे थंडी होती. रिक्षा फाटकाशी उभी होती. मी सगळ्या खोल्यांतून एक फेरी मारून आलो, फ्रिजवर बघितलं, टीपॉयवर बघितलं, आणि मग रिक्षाशी जाऊन विचारलं, "काही राहिलं का?"

तिने सॅक मांडीवर घेतली, पट्टा मनगटाला गुंडाळला आणि रिक्षावाल्याला म्हणाली, "चला."

मग माझ्याकडे बघून म्हणाली, "राहिलं असेल तर राहू दे."